जमिनीवर लोळणारा गुलाब



बसमध्ये, लोकलमध्ये, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल तर तुमचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे अख्खा एपिसोड इथे लिहून ठेवतेय. माझं अडखळणं आणि मागे वाजलेल्या कुकरच्या दोन शिट्ट्या तेवढ्या काढल्यात.

आजचा विषय आहे गुलाब. थांबा, लगेच पुढे सरकवू नका! व्हॅलेंटाइन डेचा गुलाब नाही. तळेगाव-मावळच्या पॉलिहाउसमधून फेब्रुवारीत परदेशी जातो तो गुलाब ताठ उभा असतो, त्याची दांडी किती सेंटिमीटर यावर भाव ठरतो. आज ज्याची गोष्ट सांगणार आहे तो गुलाब आडवा वाढतो. जमिनीवर लोळतो, पसरतो, फूट-दोन फुटांपेक्षा फारसा वर येत नाही. नर्सरीत त्याला ‘ग्राउंडकव्हर गुलाब’ म्हणतात. या लोळणाऱ्या गुलाबाच्या इतिहासात दोन महायुद्धं आहेत, एक बंदिवानांची छावणी आहे आणि कडाक्याच्या थंडीतून वाचलेलं एकच एक रोप आहे. पण मी या इतिहासात शिरले ती मात्र आमच्या पार्किंगमधल्या चिखलामुळे.

उतार, चिखल आणि माझी फजिती

पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागे, पार्किंगला लागून मातीचा एक उतार आहे. साधारण ४० फूट लांब आणि माणसाच्या उंचीएवढा. दर पावसाळ्यात तिथली माती वाहून गाड्यांखाली येते. दोन वर्षांपूर्वीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी काकांनी विषय काढला, ‘‘काँक्रीट मारून टाकू, कटकट नको.’’ मी हात वर केला आणि म्हणाले, ‘‘काका, दोन पावसाळे द्या. तिथे मी झाडं लावते.’’ काका म्हणाले, ‘‘अगं, लाव की. पण दोनच हं.’’

नर्सरीतून २० रोपं आणली. गुलाबी, छोटी फुलं, घोसाने येणारी. जातीचं नाव नर्सरीवाल्यालाही माहीत नव्हतं. एवढंच म्हणाला, ‘‘ताई, याला काही करावं लागत नाही.’’

आणि मी सगळं केलं! रोज संध्याकाळी पाइपने वरून भरपूर पाणी. दर आठवड्याला खत. पानावर ठिपका दिसला की फवारणी. तळमजल्यावरचे आजोबा गुलाबातले दर्दी, एकेकाळी प्रदर्शनात बक्षिसं मिळवलेले. त्यांनी माझ्या आडव्या रोपांकडे पाहून मान हलवली. ‘‘हे काय गं, गुलाबाला उभं राहता आलं पाहिजे.’’ मग त्यांच्याच कात्रीने, ते आपल्या उभ्या गुलाबांची करतात तशी, ऑक्टोबरमध्ये सगळ्यांची खोल छाटणी केली. दिवाळीपर्यंत पानं काळी पडून गळाली, छाटलेल्या फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या. २० पैकी ९ रोपं उरली.

एक पावसाळा गेला होता, एकच उरला होता. तेव्हा मला जे येतं ते मी केलं. वाचायला बसले. हा गुलाब आला कुठून, आणि ‘काही करावं लागत नाही’ असं त्याच्याबद्दल का म्हणतात?

जपानचा किनारा ते अमेरिकेची कमान

गोष्ट सुरू होते जपानमध्ये. तिथल्या किनाऱ्यांवर, उतारांवर एक रानगुलाब वाढतो. पांढरी साधी फुलं, चकचकीत पानं, आणि लांबच लांब लवचिक फांद्या. त्या फांद्यांना स्वतःचं वजन पेलत नाही, म्हणून त्या जमिनीवर पसरतात. जिथे पेर मातीला टेकतं तिथे मुळं फुटतात. आपल्याकडे माळी मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबतात, त्याला दाब कलम म्हणतात ना? हा गुलाब स्वतःच स्वतःचं दाब कलम करत पुढे जातो.

१८५९ मध्ये प्रशियाची एक मोहीम पूर्व आशियाकडे निघाली. तिच्यात माक्स विखुरा नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. संकरित झाडं हा त्याचा आवडता विषय. विलोच्या संकरांवर त्याने इतकं काम केलं होतं की मटाराच्या प्रयोगांवरच्या प्रसिद्ध निबंधात मेंडेलनेही त्याचा उल्लेख केलाय. तो निबंध छापला गेला १८६६ मध्ये, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये विखुरा शेगडीच्या विषारी वायूने गुदमरून गेला. पुढे २० वर्षांनी, १८८६ मध्ये, बेल्जियमच्या क्रेपँ या गुलाबतज्ज्ञाने जपानच्या या रानगुलाबाला विखुराचं नाव दिलं. रोझा विखुरियाना.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो अमेरिकेत पोचला. तिथे लोकांनी तो दफनभूमीत लावला, कबरींवर हिरवी चादर पसरावी तसा. आजही तिकडे त्याला ‘मेमोरियल रोझ’ म्हणतात. पण बागवाल्यांना लोळणारा गुलाब काही पटेना. त्यांनी काय केलं, तर याच्यापासून नव्या जाती काढल्या आणि त्या कमानींना, मांडवांना बांधून उभ्या केल्या! त्यातली सगळ्यात गाजलेली १९०१ ची ‘डोरोथी पर्किन्स’. अमेरिकेतल्या जॅक्सन अँड पर्किन्स नर्सरीची, मालकाच्या नातीच्या नावावरून ठेवलेली. ब्रिटनमधल्या त्याच नावाच्या कपड्यांच्या दुकानांनी नाव घेतलं ते या गुलाबावरूनच. दारोदारी ती कमानीवर चढली. पण तिला भुरी फार यायची. पानांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी.

मी हे वाचलं तेव्हा आमचे आजोबा आठवले. गुलाबाला उभं राहता आलंच पाहिजे, हा हट्ट शंभर वर्षांहून जुना आहे.

खेचर गुलाब

१९१९ मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात बाउडिच नावाच्या नर्सरीवाल्याने एक वेगळीच जात बाजारात आणली. ‘माक्स ग्राफ’. तिचा एक पालक विखुराचा लोळणारा गुलाब आणि दुसरा रुगोसा. हा रुगोसाही पूर्व आशियाच्या किनाऱ्यावरचाच. सुरकुतलेल्या पानांचा, वाळूत वाढणारा, खारा वारा आणि बर्फ दोन्ही सोसणारा. ‘माक्स ग्राफ’ एका पालकासारखी पसरली आणि दुसऱ्यासारखी काटक निघाली. उतारांवर, बांधांवर लावायला छान.

पण तिच्यात एक अडचण होती. तिला बीच धरत नसे.

इथे दोन मिनिटं शाळेतलं जीवशास्त्र. गुलाबात गुणसूत्रं सातच्या पटीत असतात. विखुराच्या गुलाबात १४, रुगोसात १४. मुलाला दोघांकडून सात-सात मिळाली, म्हणजे पुन्हा १४. पण बी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि ही सात त्या सातांशी नीट जुळत नव्हती. घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेलं खेचर कष्टाला दणकट, पण त्याला पिल्लं होत नाहीत. तसंच हे. शिवाय बागेतल्या बहुतेक मोठ्या गुलाबांत गुणसूत्रं २८. म्हणजे ‘माक्स ग्राफ’चा काटकपणा बाकी गुलाबांत आणायचा रस्ताच बंद.

बेटावरचा कैदी

आता जर्मनीतला एक तरुण. विल्हेल्म कोर्डेस, जन्म १८९१. वडिलांची गुलाबांची नर्सरी. पहिल्या महायुद्धाआधी तो इंग्लंडमध्ये, सरे परगण्यात, भागीदारीत नर्सरी चालवत होता. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि २३ वर्षांचा कोर्डेस एका रात्रीत ‘शत्रूचा नागरिक’ ठरला. त्याला इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर नेऊन ठेवलं. तिथल्या छावण्यांत त्या काळात २० हजारांहून जास्त माणसं कोंडलेली होती. गुन्हा एवढाच की ती चुकीच्या देशात जन्मली होती.

कोर्डेसने तारेच्या आत तीही वर्षं अभ्यासात घालवली. गुलाबांच्या संकराबद्दल, अनुवंशाबद्दल जे मिळेल ते वाचलं. बाग नाही, कात्री नाही, फक्त वाचन. सुटून जर्मनीला परतला तेव्हा त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. देखणा गुलाब पुष्कळांना करता येतो, उत्तर जर्मनीच्या हिवाळ्यात टिकणारा गुलाब करायचाय.

पुढे नाव झालं. १९३५ चा त्याचा लाल ‘क्रिमसन ग्लोरी’ जगभर गेला. पण त्याच्या शेतात ‘माक्स ग्राफ’ची झाडंही होती. वर्षानुवर्षं. बी न धरणारी.

१९४० च्या सुमारास, म्हणजे दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, त्या झाडांना थोडं बी धरलं. त्यातून दोन रोपं आली. फक्त दोन. त्या वर्षांचे युरोपातले हिवाळे भयंकर होते. दोनपैकी एक रोप थंडीने मेलं, दुसरं वाचलं.

वाचलेल्या रोपाच्या पेशी तपासल्या तेव्हा कळलं की त्याच्यात गुणसूत्रं १४ नाहीत, २८ आहेत. निसर्गात कधीतरी होतं तसं गुणसूत्रांचं दुप्पटीकरण आपोआप झालं होतं. आता प्रत्येकाला जोडीदार मिळाला होता, बी धरत होतं, आणि बागेतल्या २८ वाल्या गुलाबांशी संकरही होत होता. बंद रस्ता उघडला. हे रोप इतकं वेगळं होतं की १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला वेगळं शास्त्रीय नाव मिळालं, रोझा कोर्डेसी. त्याच्यापासून ‘डॉर्टमुंड’, ‘हाम्बुर्गर फिनिक्स’, ‘लेव्हरकुझेन’ या जाती निघाल्या. कॅनडात फेलिसिटास स्वेडा या शास्त्रज्ञ बाईंनी सरकारी संशोधन केंद्रात त्याचं रक्त वापरून ‘जॉन कॅबट’, ‘विल्यम बॅफिन’ असे गुलाब तयार केले. तिथल्या बर्फात न झाकता टिकणारे.

चादर पुन्हा जमिनीवर

कोर्डेसी गुलाबांपैकी बरेच उंच वाढणारे होते. लोळणाऱ्या शाखेची गोष्ट शेजारून चालत होती. १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये ॲन बेंटॉल यांनी ‘द फेअरी’ नावाची बुटकी, पसरट, फिकट गुलाबी घोसांची जात दिली. १९६८ मध्ये जपानमध्ये तोरू ओनोदेरा यांनी ‘नोझोमी’ आणली, नावाचा अर्थ आशा. तिच्या फांद्या अगदी भुईला चिकटून जातात. मग १९८२ मध्ये कोर्डेस घराण्यानेच ‘द फेअरी’ आणि विखुराच्या गुलाबाच्या वंशातून ‘इमेन्झे’ काढली. आणि १९८० चं दशक संपता संपता जर्मनीच्याच व्हेर्नर नोआक यांची ‘हायडेट्राउम’ आली. ती ‘इमेन्झे’ची लेक. जगाने तिला ओळखलं ते ‘फ्लॉवर कार्पेट’ या नावाने, भडक गुलाबी कुंडीत विकली जाणारी.

गिऱ्हाईक कोण होतं? घरोघरचे हौशी लोक होतेच, पण रस्त्यांचे दुभाजक, उतार, पार्क सांभाळणाऱ्या नगरपालिकाही होत्या. त्यांना तण दाबणारं, माती धरणारं आणि माळी कमी लागणारं झुडूप हवं होतं. जर्मनीत नव्या गुलाबांची एक परीक्षा असते, एडीआर. वेगवेगळ्या हवामानाच्या ठिकाणी रोपं काही वर्षं लावून बघतात. १९९७ पासून तिथे कीटकनाशक-बुरशीनाशक अजिबात मारत नाहीत. जे आजारी पडेल ते पडू देतात. आणि आधी पास झालेली जात पुढे रोगाला बळी पडू लागली, तर तिचं प्रमाणपत्र काढूनही घेतात. कारण बुरशीही बदलत राहते. आज ज्या जातीला काळे ठिपके पडत नाहीत, तिला दहा वर्षांनी पडू शकतात.

हे वाचताना मला ‘काही करावं लागत नाही’चा अर्थ कळला. नर्सरीवाला खोटं बोलला नव्हता. ते ‘काही’ आधीच कोणीतरी करून ठेवलं होतं. शंभर वर्षं लोकांनी रोपं लावली, त्यांना थंडी, बुरशी, वाळू सोसायला लावली, आणि जी उरली त्यांना पुढे नेलं. मी मात्र रोज संध्याकाळी पानं भिजवून बुरशीला आमंत्रण देत होते आणि ज्या फांद्यांनी पसरायचं त्याच कापत होते.

मग मी काय बदललं

हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, पण मेसेजमध्ये तुम्ही हेच विचारणार, म्हणून सांगून टाकते.

पहिलं, तण. लावण्याआधी हरळी आणि लव्हाळा मुळासकट, गाठींसकट काढा. गुलाब एकदा पसरला की काट्यांत हात घालून हरळी उपटणं म्हणजे शिक्षा आहे. मी ती भोगलीय.

दुसरं, जागा. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवंच. दोन रोपांत दोन ते अडीच फूट, जोमाने पसरणारी जात असेल तर तीन-चार फूट. उतारावर प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगाला मातीचा अर्धचंद्रासारखा बांध घाला, म्हणजे पाणी घसरून न जाता मुळाशी मुरतं. खड्ड्यात चांगलं कुजलेलं शेणखत घाला.

तिसरं, पाणी. सकाळी, मुळाशी. पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके आलेच. रोज थोडं देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर मुरेल असं द्या. वर दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन. ठिपक्यांची गळलेली पानं मात्र आच्छादनात ठेवू नका, उचलून टाका.

चौथं, खत. हात आखडता घ्या. युरियासारख्या खताने लुसलुशीत पालवी फुटते आणि तिच्यावर मावा, भुरी दोन्ही धावून येतात.

पाचवं, छाटणी. पावसाळा संपल्यावर वाळलेलं, रोगट आणि सरळ वर निघालेलं तेवढंच काढा. झाड म्हातारं, दाट झालं तर काही वर्षांतून एकदा तिसरा हिस्सा कमी करा. पहिल्या वर्षी कात्री कपाटात ठेवलेली बरी. आणि हो, विकत घेताना विचारा की रोप स्वतःच्या मुळांवर आहे की खुंटावर डोळा भरलेलं. डोळा भरलेलं असेल तर खुंटाचे फुटवे खालून येतात, आणि ते पसरलेल्या फांद्यांत लपतात. दिसले की मुळाजवळून ओढून काढा.

सहावं, माझं सगळ्यात आवडतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर मी त्या ९ रोपांच्या लांब फांद्या उतारावर रिकाम्या जागेकडे वळवल्या. पेराशी माती टाकली, तारेचा उलटा यू करून फांदी दाबली. दोनेक महिन्यांनी हलकेच ओढून पाहिलं तर बऱ्याच फांद्या हलेनात. मुळं धरली होती. ११ रोपं मी मारली होती, ती विकत न घेता भरून निघाली.

दुसरा पावसाळा

आता शेवट सांगते, आणि तो जसा झाला तसाच सांगते. उताराचा खालचा अर्धा भाग गुलाबांनी झाकला गेला. वरचा भाग फार खडा आहे, तिथे फांद्या टिकल्याच नाहीत, माती सुटतच राहिली. मे महिन्यात कमिटीने वरच्या भागावर काँक्रीट घातलं. मी मीटिंगला गेले होते, विरोध केला नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पण खालच्या भागाला हात लावला नाही. यंदा जुलैत चार दिवस धो धो पाऊस झाला तेव्हा सेक्रेटरी काका छत्री घेऊन स्वतः बघायला आले. पार्किंगमध्ये माती आली होती, पण झाडूने काढता येईल एवढीच. काका म्हणाले, ‘‘बरं आहे, राहू दे.’’ आमच्या सोसायटीत एवढं कौतुक म्हणजे खूप झालं.

काळे ठिपके अजूनही येतात हं. पुण्याचा पाऊस जर्मनीतल्या परीक्षेत नव्हता. पानं गळतात, सप्टेंबरात पुन्हा फुटतात. मी आता फवारणीला धावत नाही. दर आठवड्याला एकदा फेरी मारते, खाली पडलेली पानं उचलते आणि वर येते.

आजोबांचं मत बदललेलं नाही. ‘‘हा गुलाब नव्हे, गवत आहे गवत,’’ असं ते अजून म्हणतात. परवा सकाळी मात्र एक गंमत दिसली. उताराच्या कडेला, त्यांच्या खिडकीच्या बाजूची एक फांदी कोणीतरी नीट मातीत दाबली होती आणि ती उठू नये म्हणून वर छोटा दगड ठेवला होता. माझ्याकडे तारा आहेत, मी दगड वापरत नाही. मी काही विचारलं नाही.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या घरी, गावी, सोसायटीत असा एखादा लोळणारा गुलाब असेल तर त्याचा फोटो पाठवा. आणि हा एपिसोड त्या मित्राला नक्की पाठवा, जो झाडाला रोज दोनदा पाणी घालून मारतो. प्रत्येकाच्या ओळखीत असा एक असतो. माझ्या बिल्डिंगमध्ये ती मीच होते.

भेटू पुढच्या शनिवारी!